दहाव्यापर्यंत धरलेला पिंपळ

१९९४ साल. मी पासष्ट वर्षांचा होतो, आणि शेजारच्या तिवारीजींचा पिंपळ माझ्या स्वयंपाकघरावर आडवा झालेला होता. जेठातली आंधी, म्हणजे ज्येष्ठातलं धुळीचं वादळ. दुपारी आली आणि चहाला उकळी फुटायच्या आत निघूनही गेली. जाता जाता एवढं काम करून गेली. मंडळी, म्हणजे माझी बायको, तेव्हा आंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. म्हणून वाचली.

धूळ खाली बसली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर झटकला, वर बघितलं आणि म्हणाली, "गेला तरी तुमच्या डोक्यावरून उतरला नाही."

हे ती पिंपळाबद्दल बोलत नव्हती. तिवारीजींबद्दल बोलत होती. त्यांना जाऊन चारच दिवस झाले होते.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. मी रेल्वेत खलाशी. मुगलसरायला ब्रेकडाऊन गाडीवर होतो. कुठे डबा रुळावरून उतरला, इंजिन कलंडलं, की भोंगा वाजायचा आणि आमची गाडी निघायची. शेवटची बारा वर्षं मी सरंग होतो. सरंग म्हणजे खलाशांच्या गँगचा मुकादम. शाळा चौथीपर्यंत, तीही रत्नागिरीकडे, पावसाळ्यात बंद असायची. पण कुठलं वजन कुठे टेकलंय आणि कुठे पळायला बघतंय, हे मला एकदा बघून कळतं. त्याची मला घमेंड आहे. असू दे.

रिटायर झाल्यावर रामनगरला, गंगेच्या अलीकडे, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आंगण बांधलं. शेजारी तिवारीजी. त्यांचा पिंपळ आमच्या सामायिक भिंतीला लागून. त्याची मुळं माझ्या पाण्याच्या टाकीत शिरली, टाकी फुटली, मी सांगायला गेलो. शब्दाने शब्द वाढला. गल्लीत मला मिस्त्री म्हणायचे. तिवारीजी सगळ्यांसमोर म्हणाले, "घाट बाँधने वाले मराठे और थे, मिस्त्री. तुम तो दीवार गिराने वाले हो."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. पाच वर्षं. ते समोरून आले की मी उजवीकडे बघायचो, ते डावीकडे. मेले तेव्हा खांदा द्यायला मात्र मी गेलो. गल्लीच्या तोंडापासून पुलापर्यंत माझा खांदा होता. ते कर्तव्य आहे, त्यात बोलणं लागत नाही.

आता पिंपळाकडे येतो. झाड पूर्ण उपटलेलं नव्हतं. निम्मी मुळं अजून तिवारीजींच्या जमिनीत होती. बुंधा भिंतीवरून आला होता आणि माझ्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर टेकला होता. पत्रे फुटले होते. भिंत एका विटेची, तिला वरपासून खालपर्यंत तिरकी चीर गेली होती. शेंडा आंगणावर लोंबत होता, हिरवागार, पानांनी भरलेला. सगळा भार त्या एका चिरलेल्या भिंतीवर. ती गेली की झाड आंगणात.

आणि आंगणाच्या बरोबर मध्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, फांदीला तिवारीजींचा घंट टांगलेला होता. आंधीत फुटला नव्हता. थेंब थेंब गळतही होता.

आपल्याकडच्या लोकांना घंट माहीत नसेल. आपल्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात. इकडे माणूस गेला की पिंपळाला मातीचं मडकं टांगतात. त्याच्या तळाला बारीक भोक. ज्याने अग्नी दिला त्याने रोज सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी घालायचं. ते गळत राहतं, आणि गेलेल्याची तहान त्यावर भागते असं मानतात. दहाव्या दिवशी महापात्र येतो, म्हणजे मृत्यूनंतरची कामं करणारा ब्राह्मण, आणि तो घंट फोडतो. तेव्हा तो जीव सुटतो. त्याआधी घंट फुटला किंवा सोडवला तर तो तसाच तहानलेला फिरत राहणार. तिवारीजींच्या मुलाने, अवधेशने, घंट त्यांच्या छतावरून हाताला लागणाऱ्या फांदीला बांधला होता. झाड पडलं आणि ती फांदी माझ्या घरात आली.

संध्याकाळी अवधेश दारात आला. अंगावर एक पांढरं वस्त्र, पाय उघडे, कमरेला सुतकात जवळ ठेवतात ती लोखंडाची किल्ली खोचलेली, हातात लोटा. कानपूरला नोकरी करणारा तिशीतला मुलगा. चार दिवसांत गालफडं बसली होती.

"चाचा, पानी देना है."

"आत यायचं नाही."

"सूरज डूब जाएगा."

"डूबने दो. झाडाखाली पाय ठेवायचा नाही."

त्याला वाटलं मी जुनं भांडण काढतोय. चेहऱ्यावर दिसलंच. "चाचा, झगड़ा आपका बाबूजी से था. वो तो गए."

मी त्याला हाताला धरून दारातूनच भिंतीवरची चीर दाखवली. म्हटलं, "हे बघ. ब्रेकडाऊनमध्ये पहिला नियम काय? लोडखाली माणूस नाही. साहेब असो, मंत्री असो. तिथे तू उभा राहिलास आणि ही भिंत बसली, तर तुझ्या आईला दोन घंट टांगावे लागतील."

त्याने चीर नीट बघितली. पण हलला नाही. लोटा छातीशी धरून तिथेच उभा राहिला. हट्टी माणूस मी ओळखतो.

मग मी फुटलेल्या पत्र्याखालचा एक बांबू काढला. उभा चिरला. आतल्या गाठी फोडल्या. पन्हाळ झाली. तिचं एक टोक काठीने घंटाच्या तोंडाशी टेकवलं, दुसरं दारात अवधेशच्या हातात दिलं. त्याने पाणी ओतलं. निम्मं सांडलं, निम्मं पोचलं. तो हात जोडून गेला.

त्यांच्या छतावरून तिवारीन बघत होत्या. अवधेशची आई. रात्र आम्ही शेजारच्या गुप्तांच्या ओसरीवर काढली. सकाळी उठतो तर त्या माझ्या फाटकाशी उभ्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी थेट कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे.

"मिस्त्रीजी, आपने कल जो किया, भगवान देखेंगे. लेकिन बाँस से नहीं होता. बेटे के हाथ से गिरना चाहिए. बाँस पर तो वो गए ही हैं."

एवढंच म्हणाल्या.  खरंच, बांबूवरून तर त्यांना नेलं होतं. त्यात माझाही खांदा होता. त्या सकाळचं पाणी मात्र बांबूनेच घालावं लागलं.

सकाळी नगरपालिकेचे जे.ई., म्हणजे ज्युनियर इंजिनियर, आले. सोबत चार मजूर, कुऱ्हाडी. मुलगा बरा होता, घाईत नव्हता. सगळं फिरून बघितलं.

"मिस्त्रीजी, मकान खाली कीजिए और पेड़ आज ही काटिए. ये दीवार दो दिन नहीं रुकेगी."

त्याचं बरोबर होतं. मी तसंच सांगितलं, "बरोबर आहे, साहेब. पण घंट आहे."

तो मजुरांकडे वळला. मजुरांनी घंट बघितला आणि कुऱ्हाडी जमिनीवर ठेवल्या. एक जण म्हणाला, "साहब, नौकरी से निकाल दीजिए."

जे.ई. साहेबांनी कपाळ पुसलं. "तो मिस्त्रीजी, करना क्या है?"

"टेकवायचं."

"क्या?"

"दहाव्यापर्यंत झाड हवेत टेकवून धरायचं. नंतर कापायचं."

"और आँधी आई तो?"

"तुम्ही सांगा, येणार आहे का?"

तो हसला. "मैं तो लिख दूँगा कि मना किया था."

"लिहा," मी म्हटलं. "मीही म्हणेन, मना किया था."

मंडळीने मला बाजूला घेतलं. "अहो, पाच वर्षं तुम्ही ह्या झाडाच्या नावाने बोटं मोडलीत. आता स्वतःहून पडलंय तर त्याला उचलून धरणार?"

"झाडाला नाही धरत. घंटाला."

"घंट कोणाचा?"

 भांडणाला समोर माणूस लागतो. तो नसताना, त्याचं पाणी तोडून मी जिंकलो, असं मला नको होतं. तेवढा मी मोठा नाही, पण तेवढा लहानही नाही.

आता काम कसं केलं ते सांगतो. माझ्या परसात रेल्वेच्या लिलावातले जुने लाकडी स्लीपर होते, रुळाखाली असतात ते. बाकडी करायला घेतले होते. चौकावरच्या ट्रकवाल्याकडून हायड्रॉलिक जॅक आणला. घाटावरच्या मल्लाहाकडून नावा ओढायचे जाड दोर आणले. जेठात पाणी उतरलेलं असतं, नावा दुरुस्तीला वर काढलेल्या, दोर मोकळे होते. माझ्या जुन्या गँगचे दोन गडी मुगलसरायहून सायकलवर आले. विचारलं नाही का बोलावलं ते. आधी चहा प्यायले.

चिरलेल्या भिंतीला लागून आम्ही स्लीपरचा चौकोनी ढीग रचला. दोन आडवे, दोन उभे, पुन्हा दोन आडवे. त्यावर जॅक. जॅकने बुंधा केसभर वर घ्यायचा, आणि जेवढा वर येईल तेवढी जागा लगेच लाकडाने भरायची. ह्याला आम्ही पॅकिंग म्हणतो. नवीन माणसाला वाटतं वजन जॅक उचलतो. जॅक फक्त वर नेतो. धरून ठेवतं ते पॅकिंग. जॅकचं तेल कधी गळेल सांगता येत नाही. लाकूड दगा देत नाही. सरंगाचं डोकं जॅककडे नसतं, पॅकिंग भरणाऱ्याच्या हाताकडे असतं.

दुपारपर्यंत भिंतीवरचा भार निघाला. कामाआधी चिरीत खोचलेला, घट्ट अडकलेला कागद आता सहज बाहेर आला, म्हणजे भिंत मोकळी. मग आंगणात दुसरा ढीग, फांद्यांच्या बेचक्याखाली. बुंधा गोल, लोळू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या. दोन दोर बांधले. एक माझ्या विहिरीच्या खांबाला, एक तिवारीजींच्या फाटकाच्या दगडाला. पानं तशीच ठेवावी लागली. घंट असेपर्यंत पिंपळाला घाव घालायचा नाही, असं महापात्राने सांगून पाठवलं होतं. म्हणजे झाड अजून शीड उभारलेल्या नावेसारखं. वारा आला की ओढणार.

संध्याकाळी अवधेश आला. दारातच थांबला. "चाचा, अब?"

आमच्या गँगमध्ये एक रीत होती. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. वजन टेकवल्यावर त्याखाली कोणाला काम करायला जावंच लागलं, तर ज्याने पॅकिंग भरलं तो आधी खाली उभा राहायचा. मग दुसऱ्याने यायचं. मी जाऊन बुंध्याखाली उभा राहिलो. अवधेशला म्हटलं, "ये."

तो आला. लोटा उचलला आणि स्वतःच्या हाताने पाणी घातलं. हळूहळू, धार न तुटू देता. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मडक्यातून थेंब पडत होते, माझ्याच आंगणात. छतावर तिवारीन पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

तेव्हापासून रोज तसंच. सकाळी आणि संध्याकाळी मी आधी खाली जायचो, मग तो यायचा.  एकदा त्याने विचारलं, "चाचा, आप रोज़ क्यों खड़े होते हैं? अब तो पक्का है."

"पक्का आहे म्हणून उभा राहतो. कच्चा असता तर पळालो असतो."

तो पहिल्यांदा हसला. त्याचं हसणं बापासारखं होतं, एका बाजूने. मी ते पाच वर्षं बघितलं नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी पुरवा, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला. आंधी नव्हती, पण वारा चांगला होता. अवधेशने पाणी घालायला सुरुवात केली आणि मला बुंध्यातून कुरकुर ऐकू आली. मी विहिरीकडचा दोर बघितला. ढिला. बांधताना दोर ओलसर होता, तीन दिवसांच्या उन्हात सुकला होता. सुती-तागाचा दोर ओला असताना आखडतो आणि वाळला की सैल पडतो. रेल्वेत आम्ही लोखंडी तारेवर काम करायचो, म्हणून ते माझ्या ध्यानातून गेलं होतं. मल्लाहाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

वाऱ्याने शेंडा ओढला आणि बुंधा लोळला. वीतभर. पाचरीवर चढला. मडकं झुललं आणि स्लीपरच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर जाऊन परत आलं.

"अवधेश, बाहेर हो."

तो हलला नाही. झुलत्या मडक्यामागे लोटा नेत होता. धार तुटली नव्हती. ती मध्येच तोडायची नसते. त्याला ओढून बाहेर काढलं असतं तर काढू शकलो असतो, माझ्या हातात तेवढं बळ होतं. पण मग हे सगळं कशासाठी केलं? मी हातोडा घेतला, गुडघ्यावर बसलो आणि पाचर ठोकली. एक, मग दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. बुंधा थांबला. त्याचं पाणी संपलं. आम्ही दोघं बाहेर आलो आणि विहिरीच्या कठड्यावर बसलो.  

"तू ऐकलं नाहीस," मी म्हटलं.

"आपने भी तो नहीं छोड़ा, चाचा."

मंडळीने दारातून सगळं पाहिलं होतं. ती बादली घेऊन आली आणि दोन्ही दोरांवर पाणी ओतलं. पुढच्या दोन दिवसांत तिनेच ते काम धरलं. इकडे तो घंटाला पाणी घालायचा, तिकडे ती दोराला. "माणूस जिवंत होता तेव्हा तुमची दोघांची समजूत घालता आली नाही," ती मला म्हणाली, "आता दोराची घालते."

दहाव्याला महापात्र आला. माझ्या आंगणात, माझ्या पॅकिंगखाली त्याने मंत्र म्हटले आणि दगडाने घंट फोडला. खापऱ्या आणि उरलेलं पाणी मातीत गेलं. अवधेश घाटावर जाऊन मुंडण करून आला. तिवारीन फाटकापर्यंत आल्या आणि मला हात जोडले. मीही जोडले. आमच्यात तेवढंच झालं, आणि ते पुरेसं होतं.

मग जे.ई. साहेबांचे तेच चार मजूर कुऱ्हाडी घेऊन आले. आले आणि उभे राहिले. आता घंट नव्हता, तरी पिंपळ पिंपळच. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "पहला हाथ कौन लगाए, मिस्त्रीजी? पीपर पर जो पहला हाथ लगाता है, उसका वंश डूबता है. हमारे तीन लड़के हैं."

अवधेश पुढे झाला. "पेड़ हमारा है. मैं लगाता हूँ."

त्याचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. छतावर आजीच्या कडेवर बसलेला दिसत होता. मी अवधेशला मागे ओढलं.

"आम्हाला मूलबाळ नाही," मी मजुरांना म्हटलं. "माझं काही बुडायचं नाही. कुऱ्हाड द्या."

मंडळी दारात होती. तिने मान फिरवली नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिने डोळ्यांनी हो म्हटलं.

मी झाडाला नमस्कार केला आणि शेंड्याच्या बाजूने घाव घातला. पांढरा चीक आला. मग मजूर लागले. बुंध्याला आधी दोराने खाली जखडलं होतं. पडलेल्या झाडाचा शेंडा हलका झाला की जमिनीतली मुळं त्याला पुन्हा उभं करायला बघतात, आणि बुंधा माणसाला मारतो. तो खरंच ओढ घेत होता, पण दोर ओले होते. संध्याकाळपर्यंत आंगण मोकळं झालं. स्वयंपाकघराची भिंत उभीच राहिली. पुढे तीच भिंत ठेवून वर नवे पत्रे घातले.

ह्यातून शिकण्यासारखं म्हणाल तर एक आहे. रुळावरून डबा उतरला की साहेब लोक आधी विचारायचे, चूक कोणाची, डबा कुठल्या डिव्हिजनचा, खर्च कोणाच्या नावावर. आम्ही तोवर स्लीपर रचत असायचो. आधी पॅकिंग भरा. मालक नंतर शोधा. आणि दोर तागाचा असेल तर त्याला पाणी घाला.

पिंपळाचं लाकूड इथे कोणी चुलीत घालत नाही. तिवारीन म्हणाल्या, तुमच्या घरात पडलं, तुम्ही ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि मल्लाहाच्या नावेत बारीक फांद्यांच्या मोळ्या भरल्या. दोरही त्यालाच परत करायचे होते. ज्या फांदीला घंट होता ती वेगळी ठेवली होती. नाव मध्यावर आली तेव्हा ती पाण्यात सोडली. मग प्रवाहाबरोबर खाली, पलीकडच्या काठावरच्या ब्रह्मा घाटापर्यंत. तिथे वेद शिकवणारे आपले मराठी गुरुजी राहतात, त्यांना होमाला पिंपळाच्या समिधा लागतात. मोळ्या खांद्यावर घेऊन मी पायऱ्या चढलो.

गुरुजींनी एक काडी मोडून बघितली. "ओली आहे, वाळवावी लागेल. चांगली आहे. झाड कोणाचं?"

"तिवारीजींचं," मी म्हटलं. "थोडे दिवस माझ्याकडे होतं."